‘व्यायाम कर’ म्हणणं सोपं आहे

(महाविद्यालयीन विद्यार्थिनींसोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या धंतोली, नागपूर इथल्या बैठकीत केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. मुलींची नावं बदलली आहेत.)

आज आपण धंतोलीत जमलो आहोत. तुमच्यापैकी बाहेरगावहून आलेल्या बऱ्याच जणींची या भागाशी ओळख आजारपणातूनच झाली असणार. इथे जिकडे पाहावं तिकडे डॉक्टरांच्या पाट्या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळ, अगदी मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा-बालाघाटहून माणसं इथे येतात, हातात रिपोर्टांची पिशवी घेऊन. माझ्या आजच्या विषयाची सुरुवातही अशाच एका पिशवीपासून झाली.

सुनंदा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. गाव काटोलकडचं, इथे मामाकडे राहून शिकते. परीक्षा जवळ आली की तिच्या छातीत धडधड व्हायची, हातपाय गार पडायचे, झोप उडायची. आई गावाहून आली आणि तिला दोन-तीन दवाखान्यांत घेऊन गेली. ईसीजी झाला, रक्त तपासलं, थायरॉईड पाहिलं. सगळं ठीक. शेवटी एका डॉक्टरांनी सांगितलं, “टेन्शन आहे. रोज व्यायाम कर.” त्या दोघी तिथून आमच्या केंद्रावर आल्या. मीही मान डोलावली, म्हटलं, “बरोबर सांगितलं डॉक्टरांनी. करत जा रोज अर्धा तास.” सुनंदानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “ताई, कुठे करू? आणि कधी?”

समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन, इतकी वर्षं काम करून माझ्याकडे या दोन प्रश्नांचं उत्तर नव्हतं. आज मी बोलणार आहे ते याच दोन प्रश्नांविषयी.

आधी हे समजून घेऊ, की डॉक्टरांचा सल्ला चुकीचा नव्हता. मानसिक ताण फक्त मनात नसतो, तो सगळ्या अंगात असतो. संकट समोर दिसलं की आपलं शरीर पळायला किंवा लढायला तयार होतं. ॲड्रिनलिन वाढतं, पाठोपाठ कॉर्टिसॉल वाढतं, हृदय जोरात चालतं, श्वास उथळ होतो, स्नायू आवळतात. वाघ समोर असता तर ही तयारी कामी आली असती. पण समोर असतो परीक्षेचा पेपर, वडिलांचा आवाज, नाहीतर बघायला येणाऱ्या पाहुण्यांचा निरोप. पळता येत नाही, लढता येत नाही. शरीराची सगळी तयारी वाया जाते आणि रोज रोज तेच होत राहिलं की झोप, भूक, पाळी, एकाग्रता, सगळ्याची घडी विस्कटते.

व्यायामानं काय होतं? भरभर चाललं, धावलं, दोरीवरच्या उड्या मारल्या की हीच धडधड होते, हाच दम लागतो. पण या वेळी ती आपण आपल्या मर्जीनं आणलेली असते आणि पाच-दहा मिनिटांत ती आपोआप शांत होते. घाबरण्याचा त्रास असणाऱ्या मुलीला छातीतल्या धडधडीचीच भीती बसलेली असते. मैदानावर ती शिकते, की धडधडीनं माणूस मरत नाही, ती येते तशी जाते. शिवाय अंग थकल्यानं झोप चांगली लागते, आणि झोप लागली की निम्मं ओझं हलकं होतं. शरीरात वेदना कमी करणारी, बरं वाटायला लावणारी द्रव्यं तयार होतात. आणि डोक्यात गोल गोल फिरणारे विचार अर्धा तास तरी थांबतात.

हे नुसतं माझं मत नाही. १९९९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं नैराश्य असलेल्या १५६ माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही सगळी पन्नाशीच्या पुढची होती. काहींना औषध दिलं, काहींकडून नियमित व्यायाम करून घेतला, काहींना दोन्ही. १६ आठवड्यांनंतर तिन्ही गटांत जवळपास सारखीच सुधारणा दिसली, मात्र औषधाचा गुण लवकर येऊ लागला होता. २०२४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये नैराश्य आणि व्यायाम यांवरच्या २१८ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला, त्यांत १४ हजारांहून जास्त माणसं होती. चालणं, धावणं, योगासनं, वजन उचलणं, सगळ्यांचा उपयोग दिसला. आणि वजन उचलण्याचा, ताकद वाढवण्याचा व्यायाम बायकांना पुरुषांपेक्षा जास्त लाभदायक ठरलेला दिसला. ‘मुलींनी हलका व्यायाम करावा’ असं सांगणाऱ्यांना हे सांगा.

तेव्हा सल्ला बरोबरच आहे. प्रश्न आहे तो सुनंदाचा. कुठे आणि कधी?

मी तिला एका दिवसाचं वेळापत्रक लिहून आणायला सांगितलं. पहाटे पाचला नळ येतो, पाणी भरायचं. मामीला डब्याला मदत. आठच्या बसनं कॉलेज. प्रॅक्टिकल संपून घरी यायला साडेपाच. दिवेलागणीच्या आत घरात असायचं हा नियम. मग पोळ्या, भांडी, मामेभावाचा अभ्यास. दहानंतर स्वतःचं पुस्तक उघडायचं. त्याच घरात तिच्याच वयाचा मामेभाऊ आहे. तो संध्याकाळी क्रिकेट खेळायला जातो. त्याला कोणी विचारत नाही, वेळ कुठून आणलास.

एका मोठ्या जागतिक अभ्यासाचे आकडे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार २०२२ साली भारतात पुरेशी शारीरिक हालचाल न करणारे पुरुष ४२ टक्के होते, तर बाया ५७ टक्के. हा आकडा वाचून पुष्कळ जण म्हणतील, बायका आळशी. आपण मात्र सुनंदाचं वेळापत्रक पाहिलं आहे.

मग कोणी म्हणेल, एवढं घरकाम करते, तोच व्यायाम झाला की. ही फार जुनी पळवाट आहे. संशोधनात असं दिसतं, की मोकळ्या वेळात, आपल्या आवडीनं केलेल्या हालचालीचा मन बरं असण्याशी जितका संबंध आहे, तितका घरकामाच्या हालचालीचा नाही. यात नवल ते काय? भांडी घासताना हात चालतो, पण मन धाकात असतं. आणि भंडारा-गोंदियाकडे दिवसभर चिखलात वाकून धानाची रोवणी करणाऱ्या बाईला आपण व्यायाम शिकवायला जाऊ नये. तिला विश्रांती हवी आहे, पुरती मजुरी हवी आहे. व्यायाम हा शब्द वापरताना कोणाशी बोलतो आहोत याचं भान आपण ठेवलं पाहिजे.

आपल्या समाजाला बाईच्या अंगाची ही गरज कळतच नव्हती, असंही म्हणता येत नाही. मंगळागौरीचे खेळ आठवा. फुगडी, झिम्मा, पिंगा. घाम निघतो, दम लागतो, हसून पोट दुखतं. एकमेकींचे हात धरून गरगर फिरताना सासरच्या धाकातली पोर काही वेळ मोकळी होत असेल. पण हे किती? श्रावणातल्या एका रात्री. तेही लग्न झाल्यावर, व्रताच्या नावाखाली, घराच्या आत, आणि काही ठरावीक जातींतच. गरज ओळखली, पण ती मोकळीक म्हणून दिली, हक्क म्हणून नाही.

मैदानांचंही तेच. आमच्या विदर्भात अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या चमूनं तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. गावोगावी तालमी होत्या, आखाडे होते. मात्र गावची तालीम म्हणजे पोरांची, हे गृहीत धरलेलं. राज्यात पुरुषांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ पासून होते. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली २०२३ मध्ये, सांगलीला, आणि प्रतीक्षा बागडी ती जिंकली. मध्ये ६२ वर्षं गेली.

बाहेरच्या जगानंही काही कमी केलं नाही. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका ८०० मीटर धावल्या, शर्यतीनंतर काही जणी दमून खाली बसल्या, तर वर्तमानपत्रांनी ओरड केली, की हे बायकांच्या प्रकृतीला झेपत नाही. ती शर्यत पुन्हा सुरू व्हायला १९६० साल उजाडलं. मॅरेथॉन तर बायकांना १९८४ मध्ये मिळाली. दमलेला पुरुष शूर ठरतो आणि दमलेली बाई दुबळी.

माझंही सांगते. मी नववीपर्यंत खो-खो खेळत होते, शाळेच्या संघात होते. पाळी आली, दहावीचं वर्ष आलं, आणि एक दिवस घरी कोणीतरी म्हणालं, “आता पुरे झालं उड्या मारणं.” भांडण झालं नाही, रडारड झाली नाही. मी खेळणं सोडलं एवढंच. त्या वर्षी मला पहिल्यांदा डोकेदुखी सुरू झाली. या दोन गोष्टी मी एकमेकींशी कधी जोडल्याच नव्हत्या. सुनंदानं प्रश्न विचारला तेव्हा जोडल्या.

आता आम्ही काय केलं ते सांगते. फार मोठं काही नाही, पण करण्यासारखं आहे.

पहिल्या दिवशी सात मुली आल्या. जागा आमच्या केंद्राची गच्ची. दहा मिनिटं भरभर चालणं, मग दोरीवरच्या उड्या, मग जमिनीवर बसून अंग ताणणं. चालण्याचा वेग कसा ठरवायचा? चालता चालता बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. एवढी साधी खूण पुरते. आठवड्यातून तीन दिवसांपासून सुरुवात केली. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, पण तीच संघटना हेही सांगते, की काहीच न करण्यापेक्षा थोडं केलेलं बरं. हे दुसरं वाक्य मुलींना आधी सांगावं. नाहीतर १५० मिनिटं जमली नाहीत याचाच नवा ताण.

दुसऱ्याच आठवड्यात वंदनाला घेरी आली. आम्ही घाबरलो. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेआठ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजे आपल्या गटातली निम्मी मुलगी दमते ती रक्त कमी म्हणून, आणि घरचे तिला म्हणतात आळशी. तेव्हापासून आम्ही नियम केला, आधी हिमोग्लोबिन, मग दोरीच्या उड्या. ज्यांचं कमी निघेल त्यांना लोहाच्या गोळ्या आणि ताटात पुरेसं अन्न. घरात शेवटी जेवणाऱ्या मुलीला व्यायाम सांगताना ती काय जेवते हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग आल्या अडचणी. पाळीत यायचं की नाही? ज्यांना त्रास नाही त्यांनी यायला काही हरकत नाही, हलक्या व्यायामानं काहींचं पोटात दुखणं कमीही होतं. ज्यांना नको वाटेल त्यांनी येऊ नये. ठरवणार ती मुलगी. कपडे काय घालायचे? ओढणी कमरेला बांधून सलवार-कमीजमध्ये सुरुवात केली, पुढे काही जणी ट्रॅक पँट घालू लागल्या.

गच्ची अपुरी पडू लागली तेव्हा आम्ही जवळचं एक मैदान मागायला गेलो. उत्तर मिळालं, “मुलांच्या सरावाची वेळ आहे. आणि मुलींची जबाबदारी कोण घेणार?” चार फेऱ्या मारल्यावर सकाळी सहा ते सात अशी वेळ मिळाली. पहिले काही दिवस कठड्यावर पोरं येऊन बसायची, शेरे मारायची. मुली गप्प झाल्या, दोन जणी यायच्या बंद झाल्या. मग आम्ही ठरवलं, की एकटी कोणी येणार नाही, एकटी कोणी जाणार नाही आणि शेरा आला की सगळ्यांनी एकदम थांबून त्याच्याकडे बघायचं. बोलायचं नाही, नुसतं बघायचं. आठवडाभरात कठडा रिकामा झाला.

सुनंदाच्या आईला मात्र हे पटत नव्हतं. म्हणाल्या, “मॅडम, इतक्या अंधारात पोरीच्या जातीनं काहून जायचं? काही झालं म्हणजे? लोक काय म्हणतील?” मी त्यांना म्हटलं, “काकू, एक दिवस तुम्ही पण चला.” आल्या. बाकावर बसल्या. तिसऱ्या दिवशी नऊवारीचा काचा मारून मैदानाला चार चकरा मारल्या आणि म्हणाल्या, “गुडघे दुखतात वं, पण बरं वाटते बाई.” मामीशी पाण्याच्या वेळेचं बोलणं त्यांनीच केलं. आठवड्यातले तीन दिवस मामेभाऊ पाणी भरतो. माझ्या दृष्टीनं या सगळ्या उपक्रमातला सर्वांत मोठा बदल हा आहे.

गुण आला का? खरं तेच सांगते. चार महिन्यांनी सात-आठ जणी टिकल्या होत्या. सुनंदाची धडधड पूर्ण गेली नाही, पण ती म्हणते, “आता सुरू झाली की मला कळते, थोड्या वेळात जाईल.” झोप सुधारली. वंदनाचं रक्त वाढलं.

पण रेखाचं तसं झालं नाही. ती रोज यायची, सगळ्यांत जास्त धावायची, आणि दिवसेंदिवस वाळत चालली होती. खूप उशिरा कळलं, की तिचं मनाविरुद्ध लग्न ठरवलं होतं आणि शिक्षण सुटणार होतं. तिच्या ताणाला कारण होतं आणि ते कारण मैदानावर धावून जाणार नव्हतं. तिथे आपलं नेहमीचं काम करावं लागलं. घरी जाणं, बोलणं, आणि ती सज्ञान आहे, तिच्या संमतीशिवाय लग्न लावता येत नाही, हे ठामपणे सांगणं. लग्न पुढे गेलं आहे, मोडलेलं नाही. लढाई चालू आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना माझं सांगणं आहे, की व्यायाम हा अन्यायावरचा मलम होऊ देऊ नका. छळ करणारा माणूस, जाच करणारं घर, जातीवरून टोचून बोलणारा वर्ग, यांच्याविषयी मुलगी बोलायला लागली तर तिला ‘जा, धावून ये’ म्हणू नका. तसंच खोल नैराश्य असेल, जीव नकोसा झाल्याचं ती बोलत असेल, तर मानसोपचार हवाच. अशी मुलगी अंथरुणातून उठू शकत नाही, तिला व्यायाम सांगणं म्हणजे पाय मोडलेल्याला चाल म्हणणं. २०२२ सालात देशात १३ हजारांवर विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे, आणि महाराष्ट्राचा आकडा राज्यांमध्ये सर्वांत मोठा होता. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. हा क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर लिहा.

आणखी एक धोका. ‘व्यायाम कर, बारीक होशील, स्थळं चांगली येतील’ हे ऐकून कित्येक मुली जिममध्ये जातात आणि उपाशी राहतात. हा ताणावरचा उपाय नाही, हा नवा ताण आहे. आमच्या गटात वजनकाटा नाही. कोणी कोणाच्या शरीरावर बोलत नाही.

शेवटी मागण्यांविषयी. मुलींनी घरच्या घरी काय करावं हे सांगून आपण थांबलो तर सगळा भार पुन्हा त्यांच्याच डोक्यावर येतो. महाविद्यालयांकडे मागण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्याला आधारही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं एप्रिल २०२३ मध्ये विद्यार्थ्यांची तंदुरुस्ती, खेळ आणि मानसिक आरोग्य यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्याच आयोगाच्या २०१५ च्या लैंगिक छळविरोधी नियमांत म्हटलं आहे, की सुरक्षेचं कारण सांगून मुलींच्या वसतिगृहांवर मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लादता येणार नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ च्या निकालात १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं आहे. हे कागद हातात घेऊन प्राचार्यांकडे जा आणि मागा:

मैदानावर मुलींसाठी रोजची ठरलेली वेळ, तीही उजेडाची. मैदानाजवळ पाण्याची सोय असलेलं स्वच्छतागृह आणि कपडे बदलायला खोली. मैदानाच्या वाटेवर दिवे. वर्षातून दोनदा हिमोग्लोबिनची तपासणी. क्रीडा विभागाच्या पैशांतला मुलींवर किती खर्च झाला याचा हिशेब. आणि समुपदेशक, जिच्याकडे जाताना नोंदवहीत नाव लिहून घरी कळवलं जात नाही.

मैत्रिणींनो, इथून जवळच यशवंत स्टेडियम आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणी हिवाळी अधिवेशनाच्या काळात तिथे धरणं धरून बसल्या आहेत, थंडीत, सतरंजीवर, घोषणा देत. स्टेडियमशी आपलं नातं एवढंच आहे. त्याच्या आत धावायचं असतं हे आपल्यापैकी कोणाच्या डोक्यातही आलं नाही. मागण्या करायला आपण मैदानात उतरलो, आता मैदानच मागू या.

आणि उद्या सकाळी सहाला गच्चीवर या. सुनंदा दोरी घेऊन येणार आहे. आता ती शिकवते.